मंद आचेवर

कचेरीत त्याला सगळे वकील म्हणत. कायद्याचं एक पानही त्यानं कधी उलटलं नव्हतं. पण कुठलीही बाजू हातात द्या, हा गडी ती अशी मांडायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, आपण आजवर झोपलो होतो की काय! म्हणून वकील. नाव चिकटलं ते चिकटलंच. शिपायापासून संचालक मॅडमपर्यंत सगळे त्याच नावानं हाक मारायचे आणि त्यालाही ते मनातून आवडायचं.

कचेरीचं काम एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं. नदीपलीकडच्या राजवटीचं काय करायचं, ते सरकारला सुचवायचं. मारायचं की कोंडायचं? मारायचं म्हणजे विमानं पाठवून त्यांचे शस्त्रांचे कारखाने जमीनदोस्त करायचे. कोंडायचं म्हणजे त्यांची जहाजं, त्यांचं तेल, त्यांच्या बँका सगळं अडवून धरायचं आणि राजवट आतल्या आत कुजून पडेल म्हणून वाट बघत बसायचं. कोंडायचं असं ठरलं तेव्हा वकील नोकरीत नवा होता. आता त्याच्या डोक्यावरचे केस निम्मे गेले होते. राजवट मात्र ठणठणीत होती. पलीकडचा सर्वेसर्वा म्हातारा दर वर्षी संचलनात पहिल्यापेक्षा गुटगुटीत दिसायचा, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या लांब टेबलाभोवती बसून ही मंडळी त्याच्या गालांचे फोटो बघत ‘कोंडीचा परिणाम जाणवू लागला आहे’ असं लिहायची.

वकील कोंडीच्या बाजूचा होता. कारण एकच, आणि ते तो कुणाला सांगत नसे, पण सगळ्यांना माहीत होतं. त्याची ताई पलीकडे होती. नदीवरचा पूल उघडा होता, सकाळी लग्नाला जाऊन संध्याकाळी परत येता येत होतं, तेव्हा तिला तिकडे दिलेली. मग पूल बंद झाला आणि ताई तिकडची झाली. राजधानीत टेलिफोन कार्यालयाच्या मागच्या गल्लीत तिचं घर. शाळेत भूगोल शिकवायची, आता निवृत्त. आणि ते टेलिफोन कार्यालय आपल्या फौजेच्या नकाशावर लाल ठिपक्यानं दाखवलेलं होतं. भिंतीवरच्या त्या नकाशाकडे पाठ करून बसता येईल अशी खुर्ची वकिलानं कधीच पटकावून ठेवली होती. मारायचं ठरलं की पहिल्याच दिवशी तो ठिपका जाणार, आणि ठिपक्यामागची गल्लीही. त्यामुळे बाकीच्यांना जो धोरणाचा प्रश्न होता, तो वकिलाला ताईच्या जिवाचा होता.

या कचेरीत दोन नियम पाळले जात. पहिल्याला म्हणत ‘तोंड पुसणं’. पलीकडून आलेली कुठलीही माहिती वर पाठवताना ती कुणी दिली हे ओळखू येईल असं काही ठेवायचं नाही. नाव तर नाहीच, पण वय, धंदा, गल्ली काही नाही. मुख्य म्हणजे त्या माणसाचे शब्द जसेच्या तसे वापरायचे नाहीत, ते आपल्या कोरड्या भाषेत बसवायचे. माणूस नावापेक्षा बोलण्यावरून लवकर ओळखला जातो, हे नव्याने आलेल्या पोरापोरींना शिकवायचं काम वकिलाकडेच होतं. तो ते मोठ्या तालात शिकवायचा.

दुसरा नियम ‘उलटी बाजू’चा. मंत्र्यांकडे मोठी शिफारस जाण्याआधी एक बैठक व्हायची आणि तिच्यात ज्याला जे पटत नाही, तेच त्यानं मांडायचं. मारा म्हणणाऱ्यानं कोंडी मांडायची, कोंडीवाल्यानं हल्ला. आपल्या मताला कुठं भोक आहे ते आपल्यालाच कळावं, असा त्यातला हेतू. दार बंद. कागद नाही, पेन नाही, फक्त चहा. तिथं बोललेलं दाराबाहेर जायचं नाही आणि कुणाच्या नावावर मांडायचं नाही. जुन्या लोकांनी घालून दिलेली ही रीत मॅडमनी निष्ठेनं चालू ठेवली होती.

ताईशी बोलायची परवानगी महिन्यातून एकदा होती. त्या बोलण्यात चार जण असायचे. दोघं बोलायचे, आणि दोन्हीकडचा एकेक जण गुपचूप ऐकायचा. त्यामुळे भावाबहिणीचं बोलणं हळूहळू स्वयंपाकघरात जाऊन बसलं. असं बोलू या, असं त्यांनी कधी ठरवलं नव्हतं. ताई एकदा म्हणाली, “मीठ संपलंय रे, कुठं मिळत नाही,” आणि मेहुण्यांचं इन्सुलिन संपलंय हे वकिलाला आपोआप कळलं. कागदावर औषधांना कोंडीतून सूट होती. पण औषध आणणाऱ्या जहाजाचा विमा उतरवायला कुणी तयार नसे, मग सूट घेऊन काय चाटायचीय? पलीकडच्या म्हाताऱ्याच्या माणसांना सगळं मिळायचं. रेशन तेच वाटायचे, त्यामुळे कोंडी आवळली की लोक आणखीच त्यांच्या पायाशी जायचे. वकिलाला हे ठाऊक होतं. तरी तो कोंडीच्या बाजूनंच होता. ताई हालात का होईना, जिवंत तर होती.

त्या महिन्यात फोन लागला तेव्हा बायकोही शेजारी येऊन उभी राहिली. नणंदेशी तिचं फार गूळपीठ होतं.

“कशी आहेस ताई?”

“मी? भांडं घासतेय,” ताई म्हणाली. “काल दूध मंद आचेवर ठेवलं आणि विसरले बघ. उतू गेलं असतं ना, तर एकदा ओटा पुसला असता, मोकळी झाले असते. हे मेलं तळाशी लागलं. घासतेय, घासतेय, वास काही जात नाही.”

वकिलानं रिसीव्हर जरासा तिरका धरला, बायकोलाही ऐकू यावं म्हणून.

“ऐकतोयस ना धाकट्या?”

“ऐकतोय.”

“आता वाटतं, मोठी आच करावी. जायचं तर जाऊ दे उतू एकदाचं. यांना तर त्या वासानं जेवणच जात नाही. अर्धे झालेत.”

फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, “भावोजी फार आजारी आहेत का?” पत्नीच्या तोंडी नणंदेचा नवरा कायम भावोजीच होता. वकिलानं नुसती मान हलवली. ज्या हल्ल्यापासून ताईला वाचवायला तो इतकी वर्षं डोकं झिजवत होता, तो हल्ला ताईला हवा होता. बाकीचं आयुष्य असं करपत काढण्यापेक्षा तुमची विमानं येऊ द्या, असं ती म्हणत होती. त्याला तिचा रागही आला. त्यानं ठरवलं की हे आपण ऐकलंच नाही.

पंधरवड्यानं उलट्या बाजूची बैठक लागली. पलीकडच्यांचं मोठं अस्त्र जवळजवळ तयार आहे अशी खबर होती. मंत्री या वेळी खरंच विमानं पाठवतील असं सगळ्यांना वाटत होतं. हल्ल्याच्या बाजूचा खंदा माणूस म्हणजे कर्नल. फौजेतून निवृत्त होऊन इथे आलेला, गुडघ्यानं अधू, आवाजानं भक्कम. रीतीप्रमाणे त्याला कोंडी मांडायची होती आणि वकिलाला हल्ला. टेबलाच्या टोकाला एक नवा माणूस बसला होता. मंत्र्यांची भाषणं लिहून द्यायचा. हवा कशी आहे ते कळावं म्हणून त्याला धाडलं होतं. मॅडमनी त्याला नियम सांगितले, त्यानं खिशातलं पेन काढून बाहेरच्या टेबलावर ठेवलं, आणि सगळ्यांचं समाधान झालं.

वकील घरून ठरवून आला होता की आज थातूरमातूर बोलायचं. ही काही कुस्ती नाही. आपण कच्चं बोललो तर हल्ल्याची बाजू कच्ची दिसेल आणि ताईचं घर राहील. इतका साधा हिशेब होता.

पण आधी कर्नल बोलला, आणि माणूस जीव ओतून बोलला. “कारखाना पाडता येतो,” तो म्हणाला. “कारखाना बांधणाऱ्याचं डोकं पाडता येत नाही. आज आपल्याला तो दिसतोय. उद्या तो डोंगराच्या पोटात बांधतील, मग कुठे शोधाल? आणि पहिला बॉम्ब आपण टाकू, शेवटचा कुणी टाकायचा ते आपल्या हातात नाही. मी लढाई बघितलीय. लढाई सुरू करणाऱ्याला वाटतं, लगाम आपल्याच हातात राहील. आणि एक सांगतो, आज पलीकडचे लोक म्हाताऱ्याला शिव्या घालतात. आपला बॉम्ब पडला की त्याच रात्री ते त्याच्यामागे उभे राहतील. माझ्या गल्लीवर पडला तर मीही राहीन.”

टेबलाभोवती माना डोलल्या. कुणीतरी चक्क ‘वा’ म्हणालं. ती ‘वा’ वकिलाला लागली. आपली रोजची बाजू, आपल्यापेक्षा चांगली, आणि ती या लंगड्या कर्नलनं मांडावी? एरवी ‘वा’ त्याला मिळायची. त्याच्यातला पट्टीचा बोलणारा उठून बसला, आणि ताईचा भाऊ कुठल्या कुठे मागे राहिला.

मग तो बोलला. कोंडी कशी गळकी आहे, नदीच्या वरच्या अंगाला तस्करांचे बंगले कसे उठलेत, कोंडीनं राजवट बारीक होत नाही, लोक बारीक होतात, हे त्यानं एकामागून एक असं मांडलं की कर्नलनं डोळे मिटले. “आपण म्हणतो, कोंडीत रक्त सांडत नाही,” तो म्हणाला. “आपल्याला दिसत नाही म्हणून सांडत नाही? राजवट उलथवण्याची ज्यांच्यात धमक होती ते एक तर देश सोडून गेले, नाहीतर औषधाच्या रांगेत उभे आहेत. रांगेतला माणूस बंड करत नाही, तो नंबर सांभाळतो.”

इथंच थांबला असता तरी बाजी मारली होती. पण मैफल रंगली की गवयाला आणखी एक तान घ्यावीशी वाटते, तसं झालं.

“पलीकडची माणसं स्वतः काय म्हणतात माहितीये?” त्यानं आवाज खाली आणला. “ती म्हणतात, तुम्ही आम्हाला मंद आचेवर ठेवून विसरलात. दूध उतू गेलं असतं तर एकदा ओटा पुसून मोकळे झालो असतो. हे तळाशी लागलंय. घासतोय, घासतोय, वास काही जात नाही.”

मॅडमनी उचललेला कप तसाच हातात धरला होता. कर्नल डोळे उघडून म्हणाला, “वकील, आज तू मलाच माझी बाजू शिकवलीस.” टेबलाच्या टोकाच्या भाषणवाल्याचे ओठ तेवढे किंचित हलत होते. पेन बाहेर ठेवलं होतं ना!

वकील घामाघूम होऊन खाली बसला. ताईचं वाक्य तोंडून गेल्यावर एक क्षण त्याला चरचरलं. पण मग त्यानं स्वतःची समजूत घातली. दार बंद आहे, कागद नाही, नाव घेतलं नाही. तोंड पुसलंय की!

शेवटी मंत्र्यांनी कोंडीच ठेवली. यात कर्नलच्या बोलण्याचा काही वाटा नव्हता आणि वकिलाच्याही नाही. व्यापार खात्यानं कळवलं की हल्ला केला तर जहाजांची भाडी वाढतील आणि धान्य महागेल, आणि निवडणूक तोंडावर आली होती. एवढ्यावर ठरलं. वर्षानुवर्षं टेबलाभोवती घसे कोरडे करणाऱ्यांना असल्या गोष्टींचं आताशा वाईटही वाटेनासं झालं होतं. वकिलाला तर आनंदच झाला. ताई वाचली. घरी जाताना त्यानं कोपऱ्यावर बायकोसाठी पिवळी फुलं घेतली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण फुलं आणायचं त्याला कधी सुचलं नव्हतं. बायकोनं आधी त्याच्याकडे संशयानं पाहिलं आणि मग हसून फुलं पाण्यात ठेवली.

संध्याकाळी दोघं टीव्हीसमोर बसली. मंत्र्यांचं भाषण होतं. हल्ला न करता दम तर भरायचा होता, त्यामुळे मंत्री छाती काढून बोलत होते. “आम्ही संयम दाखवतोय, तो दुबळेपणा समजू नका,” ते कॅमेऱ्यात बघून म्हणाले. “तुमच्या स्वयंपाकघरातलं बोलणंही आमच्यापर्यंत पोहोचतं. तुमच्याच राजधानीतली एक गृहिणी काय म्हणते, ऐका. ती म्हणते, दूध मंद आचेवर ठेवून विसरलेत. उतू गेलं असतं तर ओटा पुसून मोकळी झाले असते. हे तळाशी लागलंय. घासतेय, घासतेय, वास काही जात नाही. त्या माउलीला मी सांगतो, थोडा धीर धर.”

समोरच्या सभागृहात टाळ्या पडल्या. भाषणवाल्यानं ‘माणसं’ची ‘राजधानीतली गृहिणी’ केली होती, ऐकायला अधिक गोड लागावं म्हणून. न बघताच त्यानं बरोबर जागेवर बोट ठेवलं होतं.

“हे ताईंचं आहे,” बायको म्हणाली.

वकील टीव्हीकडे बघत राहिला.

“अहो, हे ताई बोलल्या होत्या. फोनवर. मी इथं उभी होते. यांना कुणी सांगितलं?”

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिला उत्तर मिळालं. ती उठून आत गेली. फुलं बाहेरच राहिली, आणि त्या घरात त्या रात्री कुणी जेवलं नाही.

पलीकडे आता काय चाललं असेल ते वकिलाला आंधळ्यालाही दिसावं इतकं स्पष्ट दिसत होतं, कारण आपली कचेरी तेच करते. कोणीतरी म्हणालं असेल, कुठली गृहिणी? नदीपार होणारे फोन काढा, ‘दूध’ शोधा. इतके दिवस ते बोलणं म्हणजे दोन रिकामटेकड्या भावंडांच्या स्वयंपाकाच्या गप्पा होत्या. त्याचा अर्थ आता मंत्र्यांनी जाहीर करून दिला होता.

सकाळी तो थेट मॅडमच्या खोलीत गेला. कर्नल तिथं आधीच येऊन बसला होता. वकिलानं सगळं सांगितलं. मॅडमचा चेहरा पडला, पण त्या खुर्चीतून हलल्या नाहीत.

कर्नलनं मात्र गुडघा धरून उठत म्हटलं, “माझी तिकडे दोन माणसं आहेत. आज निरोप धाडतो. उद्या अंधार पडायच्या आत तुझ्या बहिणीला, मेहुण्यांना नदीपार काढतील. धोका आहे, खोटं सांगणार नाही. वाटेत सापडले तर संपलं. पण इथं बसून राहिलो तर मला अजिबात भरवसा वाटत नाही. बोल.”

वकिलानं मॅडमकडे पाहिलं.

“भाऊ तुम्ही आहात,” मॅडम म्हणाल्या. “ठरवा तुम्ही. फक्त एवढा विचार करा, अजून त्यांना संशय आला नसेल तर आपल्या हालचालीनं येईल.”

आणि वकील विचार करू लागला. दुसरा कुणी भाऊ असता तर ‘काढा’ म्हणून मोकळा झाला असता. पण हा वकील होता. त्याच्या डोक्यात लांब टेबल मांडलं गेलं. इकडून कर्नल म्हणत होता, आज हात घातला तर वाचेल. तिकडून दुसरा कुणी म्हणत होता, पलीकडच्यांच्या कानाला ते वाक्य लागलंच असेल कशावरून? रोज हजारो फोन होतात. मेहुण्यांना चालवत नाही, ते नदी कशी ओलांडणार? घाईनं घातलेला हात अंगाशी येतो. परिस्थितीवर नजर ठेवावी. सगळी वाक्यं त्याच्या ओळखीची होती, त्यानंच ती वर्षानुवर्षं लिहिली होती. मॅडमच्या भिंतीवरही तोच नकाशा होता, आज त्यानं त्याच्याकडे वळून पाहिलं. लाल ठिपका जागच्या जागी होता.

“थांबू या,” तो म्हणाला. “बघू या काय होतंय.”

कर्नल खाली बसला. “तुझी मर्जी,” एवढंच म्हणाला.

बायकोला त्यानं हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “तुम्ही त्यांना विचारलंत का, थांबायचं की यायचं ते?” तसं फोनवर विचारता येत नाही, हे त्यानं तिला समजावलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, “वाक्य विचारून घेतलं होतंत का?” आणि त्यानंतर कामापुरतंच बोलू लागली.

फोनचा दिवस येईपर्यंत वकिलाचा जीव टांगणीला लागला. त्या दिवशी नंबर फिरवला आणि दुसऱ्याच घंटेला ताईचा आवाज आला. त्याला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

“ताई! बरी आहेस ना?”

“बरी आहे. मला काय धाड भरलीय! दूध मात्र बंद केलंय आम्ही.”

“का गं?”

“नको वाटतं.” मग ती जरा थांबली. “तुला आठवतं, लहानपणी मी काही फोडलं, सांडलं की तुलाच येऊन सांगायचे? आईला नाही, दादांना नाही. धाकट्याच्या पोटात राहतं, असं सगळ्यांना सांगायचे मी.”

“आठवतं.”

“हं. जेवत जा वेळेवर. तिलाही सांग, ताई आठवण काढत होती म्हणून.”

फोन संपला. त्या शब्दांचा अर्थ न कळण्याइतका वकील दुधखुळा नव्हता. पण माणसाला जे नको असतं ते त्याच्या कानातून आत जात नाही. त्यानं तेवढंच उचललं की ताई घरी आहे, आवाज ठणठणीत आहे, काहीही झालेलं नाही. दुसऱ्या दिवशी तो कर्नलच्या टेबलाशी गेला आणि म्हणाला, “बघा. थांबलो तेच बरं झालं की नाही?” कर्नलनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “देव करो,” तो म्हणाला. त्याच्या तोंडी देव वकिलानं पहिल्यांदाच ऐकला.

पुढच्या महिन्यात फोन नुसता वाजत राहिला.

वकिलानं तो पुन्हा लावला, मग पुन्हा. नंतर नंबरच लागेना. बायको दारात उभी राहून बघत होती. कर्नलला त्यानं गाठलं तर तो म्हणाला, “माझी माणसं गेली होती. घराला कुलूप आहे. मेहुण्यांना इस्पितळात नेलंय म्हणतात. बहिणीचं कुणी बोलत नाही.”

त्यानंतर आठवड्याभरात सकाळच्या बैठकीत पलीकडच्या रेडिओचा उतारा आला. मॅडमनी तो आधी वाचला असावा, कारण त्या वकिलाकडे न बघता बोलत होत्या. पलीकडच्या सरकारनं जाहीर केलं होतं की राजधानीतल्या एका निवृत्त भूगोल शिक्षिकेला शत्रूला खबरा पुरवल्याबद्दल अटक करण्यात आली असून तिनं गुन्हा कबूल केला आहे.

मंत्र्यांच्या कार्यालयातून आलेली एक तरतरीत बाई म्हणाली, “हे तर चांगलं लक्षण आहे. पेन्शनवाल्या शिक्षिकांना धरायला लागलेत म्हणजे राजवट घाबरलीय. कोंडी लागू पडतेय. वर पाठवायला हवं हे. वकीलसाहेब, तुम्ही लिहाल ना? तुमच्यासारखं कुणाला जमत नाही म्हणतात.” तिला बिचारीला काही ठाऊक नव्हतं. टेबलाभोवतीच्या बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी चहाकडे बघत होतं, कुणी खिडकीकडे. कर्नल उठून बाहेर निघून गेला आणि त्याच्या मागे दार हलत राहिलं.

“याची उलटी बाजू कोण मांडणार?” वकिलानं विचारलं. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला.

“याला कसली आलीय उलटी बाजू?” ती बाई हसली. “सरळच तर आहे.”

वकील मॅडमकडे बघत राहिला. मॅडम फार हळू आवाजात म्हणाल्या, “नको असेल तर दुसऱ्या कुणाकडे देते.” त्यांनी हात पुढे केला होता. उतारा त्यांच्याकडे सरकवायचा, उठायचं आणि घरी जायचं, एवढंच करायचं होतं. त्यानं ते तोलून पाहिलं. दुसरा कुणी लिहील तर कदाचित भूगोल ठेवील, निवृत्त ठेवील, राजधानी ठेवील. तिकडे ती अजून जिवंत असेल आणि इथल्या एखाद्या शब्दानं तिच्यावर आणखी काही शेकेल.

“मीच लिहितो,” तो म्हणाला.

त्यानं कागद पुढे ओढला. ‘कोंडीचा परिणाम जाणवू लागला आहे’ असं लिहून खाली उतारा जोडला. मग लाल पेन्सिल घेतली आणि आपण पोरापोरींना शिकवतो त्याप्रमाणे आधी ‘राजधानीतल्या’ खोडलं, मग ‘निवृत्त’, मग ‘भूगोल’, आणि सगळ्यात शेवटी ‘शिक्षिका’. त्या जागी त्यानं ‘एक व्यक्ती’ असं लिहिलं आणि कागद मॅडमकडे सरकवला.